टाइपताईंची पुस्तकयादी

आमच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांना सगळे टाइपताई म्हणत. टाइपरायटर माळ्यावर जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ग्रंथालयात त्या मदतनीस होत्या. वय साठीला टेकलेलं, लग्न केलेलं नव्हतं. विद्यालयाच्या आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले वडील.

वडील म्हणजे आमचे मोठे सर. चर्चचे उद्याचे पाळक घडवण्यात त्यांची हयात गेली. माणसाच्या वाट्याला दुःख का येतं आणि आलं की विश्वासू माणसाने काय करावं, यावर त्यांनी एक पुस्तक लिहिलं होतं. लाल कव्हरचं, म्हणून सगळे त्याला लाल पुस्तकच म्हणायचे. दुसऱ्या वर्षाला ते आजही लावलेलं आहे. इथून शिकून गेलेल्या प्रत्येक पाळकाने कुणाच्या ना कुणाच्या कबरीशी उभं राहून त्यातली चार वाक्यं म्हटलेली असतील. मीही म्हटली आहेत.

ते पुस्तक टाइप केलं ताईंनी. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या, शिक्षिकेच्या कोर्सचं पहिलं वर्ष संपलं होतं. सर म्हणाले, "दोन वर्षांचं काम आहे. मग जा परत." सर हातात वही धरून येरझाऱ्या घालत बोलायचे आणि ताई टाइप करायच्या. दोनाची नऊ वर्षं झाली. मध्ये एक स्थळ आलं, इस्पितळात कंपाउंडर असलेला मुलगा. ताईंना तो आवडला होता. सर म्हणाले, "पुस्तक हातावेगळं होऊ दे." मुलाकडच्यांनी दीड वर्ष वाट पाहिली, मग त्यांचं येणंजाणं थांबलं. पुस्तक निघालं तोवर आई गेली होती आणि घरात कोणीतरी हवं होतं. विद्यालयाने ताईंना ग्रंथालयात घेतलं. कोणी त्यांना कोंडून ठेवलं नव्हतं. पण उठून जायची वेळ अशी कधी आलीच नाही.

तीन वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या दोन कपाटांना वाळवी लागली. भिंतीकडच्या बाजूने आत पोकळ, बाहेरून पुस्तकं जशीच्या तशी. हात लावला की भुसा. नवी पुस्तकं घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कार्यकारिणीने ठरवलं की वाचनकक्षात आठ कॉम्प्युटर ठेवायचे आणि त्यांत फुकट मिळणारी डिजिटल पुस्तकं भरायची. निवडायचं काम ताईंकडे आलं. वर्षअखेरपर्यंत पाचशे.

"फुकटच आहेत ना, मग सगळीच घ्या," कार्यकारिणीतले एक गृहस्थ म्हणाले.

ताई म्हणाल्या, "लग्नाच्या पंगतीत फुकट वाढतात म्हणून कोणी पातेलं उचलून घरी नेत नाही. वाचायला फुकट असलेलं पुस्तक आपल्याकडे ठेवून घ्यायला फुकट असतंच असं नाही. एकेक बघावं लागेल."

आणि त्यांनी खरंच एकेक बघितलं. लेखक कधी वारला, हक्क संपलेत का, स्कॅन नीट आहे का. एकाच ग्रंथाच्या चार चार प्रती सापडायच्या आणि प्रत्येकीत काहीतरी उणं असायचं. कुठे सोळा पानं गायब, कुठे पान वाकडं, कुठे स्कॅन करणाऱ्याचा अंगठाच ओळींवर आलेला. फुकटची पुस्तकं बहुतेक शंभर वर्षांपूर्वीची. त्यांतले काही लेखक दुसऱ्या पंथाच्या लोकांना असे धुऊन काढायचे की ते पान पोरांच्या हाती देणं कठीण. ताईंच्या यादीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. "छपाई पुसट, मजकूर भरीव." "लेखक तापट, पहिली दोन प्रकरणं सोडून वाचावं." असले त्यांचे शेरे वाचायला आम्ही मास्तर मंडळी मुद्दाम जायचो.

यादी अर्ध्याच्या पुढे गेली होती, तेव्हा एका दुपारी त्यांनी दुःखभोगाच्या विषयावरचा एक जुना इंग्रजी ग्रंथ उघडला. लेखक कोणी परदेशी पाळक, मरून शतक उलटलेलं. हक्क मोकळे, स्कॅन स्वच्छ. पद्धतीप्रमाणे त्यांनी मधलंच एक पान वाचायला घेतलं. त्यात एक नावाडी होता. मुलगा नदीत बुडाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हा नावाडी पहिल्या उतारूला घेऊन त्याच नदीवर गेला. लेखकाने लिहिलं होतं, हा आमच्या आजोबांच्या गावचा माणूस.

लाल पुस्तकातही हा नावाडी आहे. तिथेही सरांनी तो "आमच्या आजोबांच्या गावचा" म्हणूनच दिलाय. ती गोष्ट टाइप करताना ताई रडल्या होत्या. त्या गावाला नदी कुठे आहे, हे विचारायचं मात्र त्यांना तेव्हा सुचलं नव्हतं.

त्यांनी पुढचं पान काढलं, मग मागचं. प्रकरणांचा क्रम तोच, दाखले तेच. पाचव्या प्रकरणात बायबलमधल्या एका वचनाचा आकडा चुकला होता. लाल पुस्तकातही तिथेच चुकलाय, आणि विद्यार्थी वर्षानुवर्षं तो पेन्सिलीने दुरुस्त करत आलेत. ताईंना ती आपल्या बोटांची चूक वाटायची. त्या चुकीबद्दल त्यांनी एकदा सरांची माफीही मागितली होती आणि सरांनी ती दिली होती.

ताईंनी यादीतली ती ओळ पिवळी केली आणि शेरा मोकळा ठेवला. आठ दिवस त्या नेहमीसारख्याच वागल्या. घरी जात, वडिलांना पेज भरवत, कूस बदलून देत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना थोडं वाचून दाखवायची रीत होती. नवव्या दिवशी त्यांनी त्या पानांची प्रिंट घेतली, पलंगाशी बसल्या आणि नावाड्याची गोष्ट इंग्रजीतून वाचायला लागल्या.

सर डोळे मिटून ऐकत होते. ताई एका वाक्याच्या मध्यावर थांबल्या. उरलेलं अर्धं वाक्य सरांनी पुरं केलं, इंग्रजीतूनच.

मग ते म्हणाले, "कुठे मिळालं?"

"इंटरनेटवर. फुकट आहे."

"आपल्या ग्रंथालयात एक प्रत होती. कुणी हात लावत नसे. मी घरी आणली."

"आणि मग?"

"मुलांना ते इंग्रजी झेपत नव्हतं. मी वर्गात आपल्या भाषेत सांगत गेलो. मुलं उतरवून घेत गेली. पुढे सगळे म्हणायला लागले, सर, हे छापा."

"आणि त्यावर नाव?"

"प्रूफ आलं तेव्हा नाव छापलेलंच होतं." सर म्हणाले. "प्रूफ तूच वाचलं होतंस."

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"हो. तुला माहीत नव्हतं."

ताई उठल्या नाहीत. उठून जायचं तरी कुठे? बाहेरच्या खोलीत, तिथून चार पावलांवर ग्रंथालयात, आणि संध्याकाळी परत इथेच. त्यांनी चादरीची घडी सारखी केली. तेव्हा सर म्हणाले, "ते यादीत घालू नकोस. मी गेल्यावर काय वाटेल ते कर. आता नको."

ताईंनी पानं गोळा केली आणि सुट्टी संपली तशा ग्रंथालयात परत गेल्या.

यादी द्यायची तारीख आली. प्राचार्यांनी पिवळी ओळ पाहिली आणि ताईंना बोलावून घेतलं. प्राचार्य मोठ्या सरांचेच विद्यार्थी, माझ्या पुढच्या वर्गात होते. ताईंनी दार लोटलं आणि जे होतं ते सांगितलं. प्राचार्य ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, तेव्हा ताईंना शंका आली.

"तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"ताई, आम्ही शिकत होतो तेव्हाच एकाला ती जुनी प्रत सरांच्या टेबलावर दिसली होती. सगळ्यांना ठाऊक आहे."

त्या सगळ्यांत मीही होतो, हे इथे सांगितलं पाहिजे. आम्ही वसतिगृहात त्यावर हसलो होतो, मग तेच पुस्तक वाचून परीक्षा दिल्या, आणि मग मी तेच शिकवायला लागलो.

"मग मला कोणी का नाही सांगितलं?"

प्राचार्य जरा चाचरले. "आम्हाला वाटलं, टाइप तुम्हीच केलंय. म्हणजे तुम्हाला ठाऊकच असणार."

ताईंनी मला नंतर सांगितलं, की बाबांचं बोलणं सोसलं होतं, पण हे सोसेना. तीस वर्षं आम्ही सगळे त्यांना नमस्कार करत होतो आणि मनात त्यांना त्या कामात सामील धरत होतो.

प्राचार्य वाईट माणूस नव्हेत. ते हळू आवाजात म्हणाले, "सर आज आहेत, उद्या नाहीत. त्यांच्यानंतर ते क्वार्टर तुम्हाला कायमचं द्यावं असा ठराव मी मांडतोय. कारण काय द्यायचं? लाल पुस्तकच ना? आता ते ढवळून तुम्हाला काय मिळणार?"

"म्हणजे माझं छप्परही त्याच पुस्तकावर."

"तसं नका म्हणू."

"मग कसं म्हणू?"

ताई आपल्या टेबलाशी परत आल्या. ग्रंथ वगळला तर त्या खरोखरच सामील होणार होत्या, इतके दिवस नव्हत्या तरी. घातला तर मरणाला टेकलेल्या बापाचा शब्द मोडणार होता आणि डोक्यावरचं छप्परही. त्या मला म्हणाल्या, "दोन्हीकडे भिंतच. मग म्हटलं, निदान जिच्यावर डोकं आपटायचं ती भिंत तरी आपण निवडावी."

त्यांनी पिवळा रंग काढला. शेऱ्यात लिहिलं, "लाल पुस्तक या ग्रंथावरून तयार झालेलं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचावं." खाली आपलं नाव घातलं, जे बाकी कुठल्याच शेऱ्याखाली नव्हतं. यादी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती खोडली नाही, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूने सांगेन.

कॉम्प्युटर आले, पुस्तकं भरली गेली. ताईंना वाटलं होतं, आता आकाश कोसळेल. काहीच झालं नाही. मुलं परीक्षेपुरतं वाचतात. पहिल्या वर्षात तो ग्रंथ चार जणांनी उघडला, त्यांतला एक मी. आम्ही चौघंही गप्प राहिलो. लाल पुस्तक दुसऱ्या वर्षाला तसंच चालू राहिलं.

घरी सरांना तिसऱ्याच कोणाकडून कळलं. ते ताईंना बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी भिंतीवर टकटक करायचे, हाक मारायचे नाहीत. एका आवारात, दोन खोल्यांत, दोन माणसं अशी सात महिने राहिली. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सर म्हणाले, "मूळ वाच." ताईंनी वाचलं. एकेक प्रकरण करत चार दिवस वाचत होत्या. सर मध्येच "हे मला नीट आणता आलं नाही" म्हणायचे आणि ताई पुढे जायच्या. माफी कोणी मागितली नाही, दिलीही नाही. पाचव्या दिवशी सर गेले.

अंत्यविधीला शेदीडशे पाळक आले होते. बोलणाऱ्या प्रत्येकाने लाल पुस्तकातलं काहीतरी म्हटलं. ताई पुढच्या बाकावर खाली मान घालून बसल्या होत्या. लोकांना वाटलं, दुःखाने.

क्वार्टरचा ठराव कायमचा झाला नाही. कार्यकारिणीत शेऱ्याबद्दल कुजबुज झाली आणि दर वर्षी अर्ज करून एकेक वर्ष मुदत वाढवून घ्यायची असा मध्यम मार्ग निघाला. अर्जात एक ओळ असते, "मागणीचं कारण". पहिल्या वर्षी कारकुनाने स्वतःच तिथे "वडिलांची ग्रंथसेवा" असं भरून आणलं आणि ताईंनी सही केली. त्यांनी करायला नको होती असं म्हणणारा मी कोण? दुसरं घर नव्हतं.

या वर्षी त्यांनी अर्ज स्वतः भरला. कारण लिहिलं, "ग्रंथालयातील पाचशे डिजिटल पुस्तकांची निवड, मी केलेली."

कारकून अर्ज घेऊन परत आला. मी तेव्हा तिथे वृत्तपत्र चाळत बसलो होतो. "ताई, नेहमीचंच कारण घाला. पटकन मंजूर होईल. यावर बैठकीत प्रश्न येतील."

"येऊ देत," ताई म्हणाल्या आणि अर्ज त्याच्याकडे सरकवला.

बैठक पुढच्या महिन्यात आहे. ताईंना ठाऊक नव्हतं आणि आम्हाला होतं, असं पत्र मी अर्जाला जोडलंय, तीस वर्षं उशिरा. त्याचा उपयोग होईल की नाही, कोणालाच सांगता येत नाही. ताईंनी मात्र दुसऱ्या पाचशे पुस्तकांना हात घातलाय आणि आज सकाळपासून एकाच ग्रंथाची तिसरी प्रत तपासतायत. पहिल्या दोहोंत पानं कमी निघाली.