ओढ्यापलीकडची चिकनकारी

निरंजन देवधर मूळचे सांगलीचे, पण लखनौत सव्वीस वर्षं काढल्यामुळे भाजीला सब्जी म्हणायचे आणि बायकोने डोळे वटारले की पुन्हा भाजीवर यायचे. गोमती नगरच्या एका सरकारी कचेरीत त्यांच्याकडे दूरच्या सोनभद्र जिल्ह्यातल्या डोंगरी गावांचं काम होतं. तिथे एकेकाळी नक्षलवाद्यांचा वावर होता, म्हणून आता तिथे विकास न्यायचा होता. देवधरांनी तो नेलाही, पण खुर्चीवरून न उठता.

लखनौत राहणाऱ्याला दुसरं काय सुचणार? तिथल्या चाळीस बायकांसाठी त्यांनी चिकनकारीचं, म्हणजे लखनवी भरतकामाचं, केंद्र काढलं. लखनौच्या चौक बाजारातला एक व्यापारी पांढरं कापड पाठवी, बायका त्यावर भरतकाम करून परत धाडत. घरोघरी काम आलं, पोटासाठी गाव सोडणं थांबलं, आणि या गोष्टीचा देवधरांना मनापासून अभिमान होता.

पावसाळा आला की मात्र कापडावर लाल मातीचे डाग पडून येत. धोब्यांनी हात टेकले. शेवटी व्यापाऱ्याने बजावलं, "देवधर साहब, एक खेप और ऐसी आई तो काम बंद।" देवधरांनी केंद्राला स्वच्छतेवर तीन पत्रं लिहिली. चौथ्याबरोबर साबण पाठवला. डाग काही हटेनात.

"अहो, एकदा जाऊन तरी बघा," त्यांची बायको अनघा म्हणाली.

"अगं, नकाशा तोंडपाठ आहे मला."

"नकाशाला चिखल लागत नाही."

गेले बिचारे.

केंद्र त्यांनी पक्क्या रस्त्याला लागून बांधलं होतं, म्हणजे साहेबलोकांच्या गाड्यांची सोय. चाळीसच्या चाळीस घरं ओढ्यापलीकडे. नकाशात तो ओढा केसाएवढा होता. प्रत्यक्षात भर श्रावणात त्याने पलीकडे निघालेल्या देवधरांना कमरेपर्यंत घेतलं. केंद्र सांभाळणारी फुलमती डोक्यावर तयार कुर्त्यांचं गाठोडं घेऊन पलीकडून येत होती. मधोमध देवधरांचा पाय सटकला आणि ते गटांगळ्या खाऊ लागले. फुलमतीने गाठोडं सोडून दोन्ही हातांनी त्यांना धरलं.

काठावर आल्यावर झुडपात अडकलेलं, भिजून लालभडक झालेलं गाठोडं बघून देवधरांना रडूच आलं. "मेरी वजह से सब गया।"

"कपड़े पर बेल-बूटे तो हम फिर काढ़ लेंगे, साहब," फुलमती पदर पिळत म्हणाली. "पुल के काग़ज़ पर दस्तख़त करने वाला बह जाता तो दूसरा कहाँ से लाते?"

देवधर शरमेने अर्धमेले झाले. ओल्या कपड्यांनिशीच केंद्रात बसून त्यांनी पुलाचा प्रस्ताव लिहिला, सही ठोकली, आणि गाठोडं स्वतः उचलून थेट चौक गाठला.

व्यापाऱ्याने ते उघडलं आणि कपाळाला हात लावला. "ये किसका काम है?"

"मेरा," देवधर म्हणाले. "और पिछले वाले दाग़ भी मेरे ही थे।"

त्यांनी पुलाच्या प्रस्तावाची प्रत पुढे सरकवली आणि व्यापाऱ्याने ती वाचली. मग त्याने पुढच्या खेपेचं कापड बांधायला घेतलं.