भावजींची पाणमांजरं
धाकटे भावजी कॅनडात स्थायिक झाले तेव्हा आमच्या ह्यांनी त्यांना बजावलं होतं, घराचा, गाडीचा, सगळ्याचा व्हिडिओ काढून पाठव. नव्वदच्या मार्चमध्ये कॅसेट आली. सबाह अल-सालेम वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी बटाटेवडे तळले आणि शेजारची दोन मराठी कुटुंबं बोलावली. दिराचं वैभव चारचौघांत दाखवायची संधी कोण सोडतं?

कॅसेटमध्ये घर नव्हतं, गाडीही नव्हती. होता एक बर्फाचा उतार, खाली गोठलेली नदी आणि तीन पाणमांजरं. एक धावत यायचं, पोटावर पडायचं आणि सुर्रकन घसरत नदीपर्यंत जायचं. दुसरं त्याच्यावर येऊन आदळायचं. मग तिघंही परत वर. कॅमेऱ्यामागून भावजी ओरडत होते, "दादा, हे बघ, परत घसरलं!" दहा मिनिटं हेच. वडे संपले. एका बाईंनी अतिशय गोड आवाजात विचारलं, "तुमचे दीर तिकडे प्राणिसंग्रहालयात असतात का?"

ह्यांनी टीव्ही बंद केला. मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीतला इंजिनियर माणूस, अपमान गिळायची सवय नव्हती. जुलैच्या मध्यावर भावाला पत्र गेलं: तिकडे तुला माणसं मिळत नाहीत, म्हणून जनावरांचे सिनेमे काढतोस का? त्यापेक्षा इकडे ये, इथे आम्हाला काय कमी आहे? मी म्हटलं, "अहो, जरा जास्तच होतंय." "धाकटा आहे, त्याला कळायला हवं," म्हणाले आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकून आले.

काय कमी आहे ते ऑगस्टच्या दुसऱ्या तारखेला इराकी रणगाड्यांनी दाखवलं. परदेशी फोन बंद, पोस्ट बंद. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जात होते, हे घरी बसून मसूर निवडत होते. टीव्हीवर दिवसभर एकाच माणसाचा मिशीवाला फोटो. घरातले सगळे पिक्चर तोंडपाठ झाले. एका दुपारी हे म्हणाले, "लाव ती पाणमांजरं."

बाहेर अंगाची लाही होत होती आणि आम्ही बर्फ बघत होतो. पाणमांजराच्या नाकावर बर्फ साचला की हे खो खो हसायचे. यावेळी कुणालाच घाई नव्हती, त्यामुळे कॅसेट शेवटपर्यंत चालली. तिघंही बर्फातल्या भोकातून पाण्यात गेली. रिकामी नदी दिसत राहिली. मी बंद करायला उठले, तेवढ्यात भावजींचा आवाज आला, अगदी हळू.

"दादा, घर काय दाखवू? एका खोलीत राहतो. मी पत्रांत लिहिलं ते सगळं खोटं होतं. आठवडेच्या आठवडे कुणाशी बोलणं होत नाही. ही तिघं रोज इथे येतात, म्हणून मीही येतो. आईला सांगू नकोस. तू एकदा येऊन जा."

पडद्यावर मुंग्या आल्या. हे बराच वेळ त्याच बघत बसले. मग म्हणाले, "माझं पत्र पोचलं असेल का गं?"

"या गडबडीत कुठलं पोचतंय," मी म्हटलं. गडबड व्हायच्या दोन आठवडे आधी टाकलेलं पत्र! हिशेब त्यांनाही येत होता. त्यानंतर ते घरात बोलेनासेच झाले, आणि मला रणगाड्यांपेक्षा त्याचीच भीती वाटायला लागली.

सप्टेंबरात बसने इराकमार्गे अम्मानला पोचलो. तिथे फोनला ही रांग, आणि माणशी एकच फोन. जो तो गावाकडे लावत होता. ह्यांनी कॅनडाचा नंबर दिला. "अहो, आधी आईंना कळवा!" मी चिडले. त्यांनी हातानेच मला गप्प केलं.

"पोचलो," एवढंच ते बोलले. मग नुसतं ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बर्फ पडायला लागला की कळव. येतो मी." फोन ठेवून ते तिथल्याच पायरीवर बसले.

"पत्र मिळालं होतं त्याला," ते म्हणाले. "आपण जिवंत आहोत का नाही कळत नव्हतं, तर रोज तेच काढून वाचत होता. आपलं त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं."