देवीचा सांबर आणि शिंगांचे माप

अर्ज लिहिणे म्हणजे केवळ वळणदार अक्षर काढणे, असा एक गैरसमज पेण आणि रोहे या दोन्ही तालुक्यांत रूढ आहे. माझे घराणे पेणचे, गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखणारे. त्यामुळे स्थिर हात मला वारशानेच मिळाला. परंतु स्थिर हाताने डोळे आखता येतात, साहेबाचे मन वळवता येत नाही. त्यासाठी मुद्दा लागतो. मी फायनलच्या वर्गापर्यंत शिकलो. परीक्षेस बसण्याचे घरगुती अडचणींमुळे राहून गेले. तथापि मुद्द्यावाचून माझे कधी अडले नाही. रोह्यास कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचा ‘मास्तर’ झाल्यापासून जमिनीचे, वारसाचे, रस्त्याचे, फार काय, सासूविरुद्धचेही अर्ज माझ्या हातून गेले. पण ज्यात मला प्रत्यक्ष सृष्टिनियमांविषयी लिहावे लागले, असा अर्ज एकच.

तेव्हा शिकार आजच्यासारखी पूर्ण बंद झालेली नव्हती. डोंगरालगतच्या शेतकऱ्यांना पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळे आणि परवान्याबरोबर अटी येत. त्यांतली एक अट सांबरांविषयी होती. मादी मारू नये. आणि नर मारायचा तर त्याची शिंगे ठरावीक मापाची भरली पाहिजेत. हेतू उघड होता. कोवळे नर वाचावेत, वाढावेत आणि कळप सुधारावा. मला स्वतःला ही अट तोवर निर्दोष वाटत असे.

खांब गावाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातला शेतकरी एके दिवशी बायकोसह माझ्या टेबलाशी आला. त्याने वालाच्या शेतात शिरलेला सांबर मारला होता, शिंगे मापाला उतरली नाहीत, आणि सांबराच्या मुंडक्यासकट बंदूक जप्त झाली होती. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर पेरलेला वाल तेव्हा गुडघ्याएवढा झाला होता. शेंगा धरू लागल्या की सांबरे रोज उतरतात. त्या वालावर त्यांच्या घरचे वर्षाचे कालवण होते आणि पुढल्या पेरणीचे बीही होते. शेंगा धरण्यापूर्वी बंदूक परत मिळाली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे.

मी विचारले, काका, मापाचा नर दिसेपर्यंत थांबायला काय झाले होते?

"दिसला की," तो म्हणाला. "मोटा पुढंच उभा व्हता. बारका त्याच्या मागं. पन मोट्यावर बार कसा टाकनार? तो देवीचा."

बाईंनी मग सविस्तर सांगितले. गावाची देवराई आहे. तिच्यातल्या झऱ्यावर पाण्याला येणारा सर्वांत मोठ्या शिंगांचा सांबर देवीचा समजायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, ही गावाची जुनी रीत. गाईच्या वासरांतले सर्वांत चांगले वासरू जसे वेसण न घालता देवाच्या नावाने वळू म्हणून सोडतात, तसाच हा रानातला वळू. शेतात नासधूस फार झाली तर बारका मारायचा. बडवून खच्ची करायचे बैल वेगळे नि सोडायचा वळू वेगळा, हे गावात पोरासोरांनाही कळते.

म्हणजे सरकार म्हणत होते, मोठा मारा, लहान राखा. आणि गाव म्हणत होता, लहान मारा, मोठा राखा. या गृहस्थाने सरकारच्या दृष्टीने नेमका नको तो आणि गावाच्या दृष्टीने नेमका हवा तो सांबर मारला होता.

माझ्या बुद्धीला असे खाद्य क्वचितच मिळते. मी लेखणी हाती घेतली आणि लिहिले, की मेहेरबान साहेबांनी कृपाळू होऊन विचार करावा, उत्तम नर वेचून मारल्यास पुढील पिढी कोणाच्या वंशाची होणार? अनुभवी कारकुनांना एकदम घरी बसवून सारी कचेरी नवशिक्या उमेदवारांच्या हाती सोपवल्यास दप्तराची जी अवस्था होईल, तीच कळपाची होणार. शिवाय लहान शिंगांचा नर हा कोवळाच असतो असे नाही. तो जातीचाच खुजा किंवा म्हातारपणी उतरलेलाही असू शकतो. सबब, जप्त केलेल्या मुंडक्याचे दात तपासावेत. बाजारात बैलाचे वय कोणी शिंगांवरून ठरवीत नाही.

दातांचा मुद्दा मला विशेष आवडला. बाईंना मी तो वाचून दाखवला. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि नवरा कचेरीच्या कौलांकडे.

सुनावणीस मी जातीने गेलो. जंगलाचे साहेब देशावरचे, शांत स्वभावाचे. त्यांनी अर्ज संपूर्ण वाचला, मधूनमधून मिशीत हसले, हे मी माझ्या लेखणीचे यश समजतो. मग शिपायाकडून मुंडके आणवले आणि जबडा उघडून पाहिला. दूधदात अजून पुरते पडलेले नव्हते. दातांचा मुद्दा आमच्या विरुद्ध गेला. तथापि तो मांडणे योग्यच होते, हे माझे मत आजही कायम आहे.

साहेब आता शेतकऱ्याशीच बोलू लागले. वळू निवडता तेव्हा वासराची आई पाहता, तिचे दूध पाहता, बांधा पाहता. रानातल्या सांबराचे तुम्ही फक्त शिंग पाहता. पहिले शिंग फुटते तेव्हा सगळेच बारके असतात. तुमच्या देवीच्या सांबरालाही एके काळी एवढेच शिंग होते. त्या वर्षी तुमच्या बापाने त्याच्यावर बार टाकला असता तर देवीला सांबर कुठून मिळाला असता?

मी उठून म्हणालो, की हेच तत्त्व लावले तर सरकारही फक्त शिंगच पाहते. साहेबांनी ते मान्य केले. शिंगावरून वय थोडेफार कळते, वाण कळत नाही, आणि रानात चारा किती मिळाला त्यावरही शिंग ठरते, असे ते म्हणाले. मोठे सगळे मारले तरी कळप बिघडतो, लहान सगळे मारले तरी बिघडतो. मात्र अट ती अट.

"म्हंजे कवळा व्हता, ह्ये मला ठावं व्हतं साहेब," शेतकरी म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पन मोटा मारून बंदूक राखली असती, तर गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हायली नसती. बंदूक ठेवा तुमच्याकडं. वाल मात्र जातील."

 

साहेबांनी खिडकीबाहेर पाहत थोडा विचार केला आणि निकाल दिला. बंदूक परत. यंदापुरती नुसती दारू ठासायची, छर्रा नाही, गोळी नाही. आवाज करायचा.

"मंग मारायचं काय?"

"काही नाही. मोठाही नाही, बारकाही नाही. दोन्ही कायदे पाळले जातील, तुमचाही नि माझाही."

शिपाई तोंड फिरवून हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. बाहेर येताच त्यांनी मला विचारले की या आवाजाने सांबर किती दिवस भिईल? मी म्हणालो, बाई, हे अर्जाच्या कक्षेबाहेरचे आहे. त्यावर नवरा म्हणाला, "चल गो. मास्तरांनी केलं तेवढं लय झालं."

सांबरे पहिले काही दिवस भ्यायली, मग त्यांना उमगले. बार निघाला की कान टवकारायचे आणि पुन्हा मान खाली घालायची, असा त्यांनी परिपाठ ठेवला. तेव्हा बाईंनी बंदुकीचा नाद सोडून पत्र्याचा डबा आणि शेजारणी गोळा केल्या. रोज वेगळ्या बांधावरून, कधी डबा, कधी ओरडा, कधी जळता पेंढा, असा मुलूख त्यांनी राखला. हे मला माघात कळले. त्यांनी पोपटीला बोलावले होते, म्हणून मी एस.टी.ने गेलो. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात शिजलेल्या शेंगा पुढ्यात आल्या त्या थोड्या होत्या, पण भरलेल्या होत्या. घराला बारा महिने पुरतील एवढे वाल काही आले नाहीत. अर्धे शेत सांबरांच्या पोटात गेले होते.

कळपाचे म्हणाल, तर पुढील वर्षांत त्या डोंगरात नरांची शिंगे चांगली जाड दिसू लागली, अशी बोलवा झाली. कचेरीतले लोक म्हणत, अट पाळली म्हणून. गाव म्हणे, देवीचा सांबर राखला म्हणून. बाईंचे मत मी पुढे एका उन्हाळ्यात त्यांच्याच ओटीवर ऐकले.

"अट नाय नि देवी नाय. माजे वाल खाल्लेत त्यांनी."

 मी लगेच त्यांना सुचवले की, नुकसानभरपाईसाठी एक अर्ज करू. मुद्दा भक्कम आहे, सरकारच्या सांबरांचे पोषण तुम्ही केले आहे. त्या आत गेल्या आणि राख चोळून ठेवलेल्या वालाचे गाडगे घेऊन आल्या. ते गळ्यापर्यंत भरलेले होते.

"पेरणीपुरतं बी निघालंय," त्या म्हणाल्या. "आता अर्ज नको."