उत्तरदाता क्रमांक सात

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आजवर जेवढ्या पदव्या वाटल्या असतील, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या मामेसासऱ्यांच्या ओट्यावर शिजल्या आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे. स्वतः मामा जुनी सातवी. पण पारनेर तालुक्यातल्या ज्या गावात ते राहतात, तिथून राळेगणसिद्धी जवळ. पाणलोटाचं काम अभ्यासायला राळेगणला गेलेल्या माणसाला तिथे आपल्याआधी दहा अभ्यासक येऊन बसलेले दिसतात. मग तो हिरमुसून शेजारच्या गावाकडे वळतो, आणि वळल्यावर पहिलं घर लागतं ते मामांचं. घराला ऐसपैस ओटा आहे, ओट्यावर सावली आहे आणि सावलीत पांढरी टोपी घालून, कानावर पेन्सिल खोचून मामा बसलेले आहेत. पाहुण्याने चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न येतो, "यम्ये का पीएचडी?"

हा प्रश्न उगाच नसतो. त्यावर बसायची व्यवस्था ठरते. बी.ए.च्या प्रकल्पवाल्याला सतरंजी, एम.ए.ला खुर्ची आणि पीएच.डी.ला बाज, तीवर धुतलेली वाकळ. चहा सगळ्यांना सारखा, घरच्या गाईंच्या दुधाचा. पण भाकरी मात्र निम्मी प्रश्नावली पार पडल्याशिवाय मिळत नाही. "पोट भरलं की पोरं परश्न गाळत्यात," असं त्यांचं निरीक्षण आहे, आणि मी स्वतः महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते त्यामुळे ते शंभर टक्के खरं असल्याची ग्वाही देऊ शकते. कांद्याची लागवड ऐन भरात असली तरी मामा प्रश्नावलीला कधी नाही म्हणाले नाहीत. कृषीवाल्यांनी त्यांची माती नेली, नर्सिंगच्या मुलींनी रक्तदाब नेला, आर्किटेक्चरच्या एका मुलाने त्यांच्या गोठ्याचे चारही बाजूंनी नकाशे काढले. बोलीभाषेवर काम करणारी एक मुलगी आली, तेव्हा पाहुणीचा मान राखावा म्हणून मामा दिवसभर पुण्याच्या रेडिओसारखं शुद्ध बोलले. बिचारी रडकुंडीला आली. संध्याकाळी गाय दावं तोडून कांद्यात शिरली, आणि तिच्या मागे पळताना मामांच्या तोंडून जे काही बाहेर पडलं त्यावर त्या मुलीचं अख्खं तिसरं प्रकरण उभं राहिलं.

या सगळ्या सेवेच्या बदल्यात मामांची एकच अट असते. काम पूर्ण झालं की बांधणी केलेली एक प्रत ओट्यावर आणून द्यायची, आणि तीही स्वतःच्या हाताने. एका पठ्ठ्याने दोन वर्षं झाली तरी प्रत दिली नाही, तेव्हा मामा एसटीने पुण्याला गेले आणि त्याच्या विभागात जाऊन बाकावर बसून राहिले. कोण पाहिजे, असं शिपायाने विचारल्यावर म्हणाले, "मी त्येंच्या परबंधातला शेतकरी 'ब' हाय. मला माझं बुक पायजे." संध्याकाळच्या गाडीला ते प्रत घेऊनच बसले.

अशा प्रतींनी घरातलं लोखंडी कपाट भरलं आहे. काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे जाडजूड प्रबंध, त्यांच्या खाली लघुप्रबंध, मग स्पायरल केलेले क्षेत्रभेटीचे अहवाल आणि सगळ्यांत खाली प्लास्टिकच्या फायलींतले प्रकल्प. "डिग्री जेवढी मोठी तेवढा पुठ्ठा जाड, आन् वाचनारं कमी," हा सिद्धान्त मामांचाच. वाचणारे मात्र ते स्वतः आहेत. इंग्रजी प्रबंधातले त्यांना तक्ते तेवढे कळतात, पण तक्ते कळले की उरलेलं वाचायची गरज नसते म्हणे. पाहुण्यांना ते पान उघडून दाखवतात, "ह्या तक्त्यातल्या दुसऱ्या खान्यात मी हाय." संशोधनात उत्तर देणाऱ्याचं नाव छापत नाहीत, गावाचंही छापत नाहीत, त्यामुळे मामा कुठे एकोणीस नंबर आहेत, कुठे चाळीस. कपाटातला सगळ्यांत जुना प्रबंध कापडात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवलेला असतो. त्यात ते उत्तरदाता क्रमांक सात. मामींना तो नंबर फार आवडला. "सात नंबर, जेवायला चला," असं त्या आतून हाक मारतात. त्यांच्या साड्या त्या कपाटामुळे ट्रंकेत गेल्या, त्याचा सूड त्या असा घेतात.

अशा घरात मी सून म्हणून येते-जाते, आणि माझाही पीएच.डी.चा विषय याच भागातला: पाणी आल्यावर गावातल्या बायकांच्या कामात काय फरक पडला. केडगावातलं घर, नोकरी आणि दोन लेकरं सांभाळत सात वर्षं ओढलेला हा गाडा शेवटच्या मुदतवाढीवर येऊन थांबला होता. त्या मुदतीत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, पहिल्यापासून सुरुवात. पण मी निर्धास्त होते. साठ प्रश्नावल्या घेऊन मामांच्या गावी गेले, चार दिवसांत भरून आणल्या आणि माझ्या मार्गदर्शक बाईंसमोर ठेवल्या.

बाईंनी पहिली वाचली, दहावी वाचली, चाळिसावी वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. साठच्या साठ बायकांचं उत्तर एकच होतं: पाणी आलं, डोक्यावरचा हंडा उतरला आणि लेकीच्या हातात पाटी आली. शब्दसुद्धा पुढे-मागे नव्हता. "हे तू घरी बसून भरलंस का?" बाईंनी विचारलं. मला रडू फुटलं. मी एकेका ओट्यावर मांडी घालून ते लिहून घेतलं होतं, पण माझ्याकडे काय पुरावा होता?

दुसऱ्याच दिवशी पारनेरची गाडी पकडून मी मामांकडे गेले आणि प्रश्नावल्यांचा गठ्ठा त्यांच्या बाजेवर टाकला. मामांनी चारदोन पानं चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला. "झकास! येकबी बाई चुकली न्हाई."

"चुकली नाही म्हणजे?"

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं इतके अभ्यासक येऊन गेल्यावर त्यांना काय ऐकायला आवडतं हे मामांना पाठ झालं होतं. डेअरीवर दूध घालायला बायका रांगेत उभ्या राहिल्या की मामा त्यांना ती उत्तरं शिकवायचे. आणि या खेपेला तर घरची सून पीएच.डी.ला बसलेली. त्यांनी आठवडाभर आधी सगळ्यांकडून तालीम करून घेतली होती.

"मामा, तुम्ही माझी पीएचडी बुडवलीत!" मी ओरडले. सासरच्या वडीलधाऱ्या माणसापुढे मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता.

मामा गोंधळले. "अगं, दारात आलेल्या पावन्याला आपुन शिळी भाकरी वाढतो का? मंग शिळं उत्तर कसं द्यायचं? लोकं लांबनं येत्यात, उन्हातान्हातनं. त्येंचा जीव खूश झाला पायजे का न्हाई?"

मामांनी कुणाला फसवलं नव्हतं. पाहुण्याला पुरणपोळी वाढावी तशी त्यांनी उत्तरं वाढली होती. मी मात्र ओट्यावर बसून हमसाहमशी रडले. मामांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि उठून कपाट उघडलं. एकेक प्रबंध माझ्यापुढे ठेवत ते म्हणाले, "ह्ये बघ. मी काय आगदीच गेलेला मानूस न्हाई." प्रत्येक पुस्तकात, जिथे जिथे त्यांचं उत्तर होतं, तिथे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 'हे खरं.' 'हे निम्मं खरं.' 'इथं थाप मारली, मास्तरीण बाई लई गरीब हुती.' महाराष्ट्रातल्या ग्रामीण संशोधनाचं एवढं कसून परीक्षण कुठल्याही विद्यापीठात झालेलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला घेऊन डेअरीवर गेले आणि रांगेपुढे उभे राहून म्हणाले, "बायांनो, ऐका. ही पावनी न्हाई, सून हाय. तिला पुरनपोळी वाढू नका. घरात खाता ती भाकरी वाढा." बायका आधी एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीने तोंड उघडलं, आणि पुढचे चार दिवस माझा पेन थांबला नाही. साठ जणींची साठ उत्तरं मिळाली, एकाला एक जुळेना! पाणी आलं म्हणून कुणाची लेक खरोखरच शाळेत गेली होती. पाणी आलं म्हणून कुणाच्या गोठ्यात आणखी दोन गाई आल्या होत्या, आणि त्यांची शेणघाण, वैरण, धारा तिच्याच गळ्यात पडल्या होत्या.

साठ झाल्यावर शेवटचं उत्तर मामींचं. इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येक अभ्यासकाला त्यांनी चहा दिला होता, पण प्रश्न त्यांना एकानेही विचारला नव्हता, पहिल्या खेपेला मीसुद्धा नाही. सगळे कुटुंबप्रमुखाला विचारून जात. मामी चुलीपाशी बसून भाकरी थापत म्हणाल्या, "पानी आलं ते बरंच झालं. पन हिरीवर जायचो तवा वाटंनं बाया बाया बोलायचो, हसायचो. आता नळ दारात. दोन दोन दिस मी कुनाशी बोलत न्हाई." ओट्यावर मामा ऐकत होते. त्या रात्री जेवायला हाक मारताना मामींनी त्यांना सात नंबर म्हटलं नाही.

प्रबंध मुदतीत गेला. मौखिक परीक्षेची सूचना परीक्षकांच्या नावासकट मी घरच्या ग्रुपवर टाकली होती. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं; येत मात्र कुणी नाही. त्या दिवशी शेवटच्या रांगेत पांढरी टोपी घालून, मांडीवर कापडी पिशवी धरून मामा बसलेले दिसले. बाहेरून आलेले परीक्षक या विषयातलं मोठं नाव, आणि कडक. त्यांनी माझा प्रबंध मिटला आणि विचारलं, "या भागातल्या आधीच्या सगळ्या अभ्यासांत स्त्रिया समाधानी आहेत. तुमच्याच तेवढ्या दमलेल्या कशा? तुमच्या माहितीवर आम्ही का विश्वास ठेवावा?" मी पद्धतीबद्दल काहीबाही बोलले. त्यांची मान हलत नव्हती. सात वर्षं माझ्या डोळ्यांपुढून जायला लागली. मग रिवाजाप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही प्रश्न?"

मागून आवाज आला, "मला परश्न न्हाई. उत्तर हाय."

मामा पिशवी घेऊन थेट पुढे आले. पिशवीतून कापडात गुंडाळलेला तो जुना प्रबंध काढून त्यांनी परीक्षकांपुढे ठेवला. "साहेब, वळखलं का? तवा तुमाला दाढी न्हवती. ह्यातला सात नंबर म्हंजी मी." परीक्षक आपलं स्वतःचं पुस्तक बघून आधी चमकले, मग उभेच राहिले. मामांनी खुणेचं पान काढून दिलं. तिथे छापलं होतं की घरातले निर्णय पती-पत्नी मिळून घेतात. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'बायकोला इचारलंच न्हाई. पोरगं उन्हातनं चालत आल्तं, लई दमल्यालं, म्हनून व्हय म्हनलो.'

"आमच्या घरात तुमच्यापासनं परश्न येत्यात," मामा म्हणाले, "पन चुलीपर्यंत ही येकटीच आली. हिला खरं सांगितलंय साहेब. मी साक्षीला हाय."

परीक्षकांनी ते पान दोनदा वाचलं आणि मग एवढ्या मोठ्यांदा हसले की अध्यक्षही घाबरले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "सात नंबर," ते म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या घरची भाकरी खाल्ली नसती तर मी स्टँडपर्यंत पोचलो नसतो." आणि माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "डॉक्टर, अभिनंदन!" टाळ्या वाजल्या त्या मामांसाठी होत्या की माझ्यासाठी, हे मला आजही माहीत नाही. गावात डेअरीवर पेढे वाटले गेले आणि साठ जणींनी मला 'आमची डागतर' म्हणून मिरवलं. अटीप्रमाणे प्रत मी स्वतःच्या हाताने नेली. मामा कपाटात जागा करू लागले, तेव्हा मामींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "ह्ये माझं बुक हाय," म्हणाल्या, आणि ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवून दिलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. हल्ली प्रश्नावल्या मोबाईलवर येतात. लिंक दाबा, गोलात टिचकी मारा, धन्यवाद. उन्हातून चालत कुणी येत नाही आणि प्रत द्यायला तर मुळीच नाही. मामींचं बरं चाललं आहे. दुपारी कपाटाच्या खोलीत बायका जमतात, मामांनी स्वतःच आवतण धाडून ती बैठक सुरू केली. ते स्वतः मात्र ओट्यावर बसून असतात. परवा गेले तर धुतलेली वाकळ बाजेवर घातलेली होती, पेन्सिल कानावर होती. वाटेकडे बघत होते.

"मामा, कसे आहात?" मी विचारलं.

मामांनी पेन्सिल काढून हातात घेतली. "खरं सांगू, का पावन्याला सांगतो तसं?"

"खरं सांगा."

"करमत न्हाई गं," मामा म्हणाले. "बस. आजून काय तरी इचार."

मी चपला काढल्या आणि बाज सोडून सतरंजीवर बसले.