छाती चौतीस, सीट छत्तीस

टेप माझ्याच बापानं दिली. गळ्यातली काढून.

डॉक्टर म्हणाला, "मोजायला काही आहे का?" आणि बा, जन्मभर गळ्यात टेप घालून फिरलेला शिंपी, त्यानं ती सवयीनं काढली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. मी भिंतीशी उभा. अंगावर सूत नाही. देवळामागची दवाखान्याची खोली, रविवारची सकाळ, मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, नुकतीच सुटलेली. दाराला पडदा होता, पण तोकडा. त्याखालून बाहेर खोळंबलेल्या बायकांचे पाय मला दिसत होते. म्हणजे माझे त्यांना दिसत असणार. वय माझं सव्वीस.

खुर्चीत आमचे फादर बसलेले. हातात जपमाळ, नजर माझ्यावर. तोंड फिरवावं एवढंही त्यांना वाटलं नाही.

डॉक्टर मुंबईचा. आमच्यातलाच, ख्रिस्ती. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी यायचा, रेवदंड्याहून तरीनं खाडी ओलांडून आमच्या गावात. खरूज, खोकला, बायकांची दुखणी, सगळ्यांना फुकट औषध. म्हणून गाव त्याच्या पाया पडायचं बाकी होतं. त्यानं माझ्या छातीभोवती टेप फिरवली, मग ढुंगणाभोवती. चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला.

"वर चौतीस. खाली छत्तीस. पाहिलंत फादर? खालचं माप दोन इंच जास्त. हा बाईचा सांगाडा. पुरुषाकडे ओढ का, ते इथंच कळलं. हाडात रोग आहे."

खालच्या त्या मापाला आम्ही शिंपी सीट म्हणतो. चाळीस वर्षं माणसांच्या सीटा मोजलेला माझा बाप डॉक्टरपुढं मान हलवत होता. व्हय साहेब, व्हय साहेब.

मी तिथं कसा पोचलो तेही सांगतो. लपवायचं आता काही उरलं नाही.

मुरुडकडचा एक माणूस होता. मचव्यावर काम करायचा. दोन वर्षं तो आमच्या बंदराला लागला की माझ्याकडं यायचा. नाव सांगत नाही, आता त्याला बायकापोरं असतील. त्याच्याबरोबर मी सुखात होतो, हे मात्र सांगतो. मग तो मुंबईच्या गोदीत गेला आणि पुन्हा आला नाही. मी सुकलो. जेवण तुटलं. माय लहानपणीच गेलेली, बापाशी असलं बोलायची सोय नाही. कुठं बोलणार? पापकबुलीच्या जाळीपुढं गुडघे टेकले आणि बोललो.

फादर जाळीमागून म्हणाले, "क्षमा हवी असेल तर हेच बाहेर, माझ्या खोलीत येऊन सांग. तिथं मला तुझी मदत करता येईल."

मी गेलो. सांगितलं. जाळीमागचं गुपित फादर कुणाला सांगत नाहीत. खोलीतलं सांगता येतं. त्यांनी बापाला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. गुपिताचा नियम त्यांनी कुठंच मोडला नाही. काय पण पक्का माणूस!

मग औषध सुरू झालं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर शनिवारी रेवदंड्याच्या कंपाउंडरकडून एक सुई. कसली ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. सुईची जागा पिकली, ताप भरला. डॉक्टर म्हणाला, रोग बाहेर पडतोय. अंडं बंद, बांगडा बंद, पहाटे विहिरीच्या गार पाण्यानं आंघोळ. हेही मी केलं. मला बरं व्हायचं होतं हो. खरंच वाटायचं की माझ्यात काहीतरी कुजलंय.

पुढच्या महिन्यात डॉक्टरनं शाळेच्या खोलीत गावातल्या पुरुषांना बसवून समजावलं. फळ्यावर खडूनं दोन माणसं काढली, एक वर रुंद, एक खाली रुंद. म्हणाला, हा रोग घामातून पसरतो. कपड्यातून पसरतो. रोग्यानं हात लावलेलं कापड अंगाला लावू नये. माझं नाव घेतलं नाही. गावात शिंपी दोनच, बा आणि मी. आणि बाच्या डोळ्यांना तेव्हा सुई दिसत नव्हती.

सोमवारी सकाळी माणसं दुकानात यायला लागली. शिवायला नाही, कापड परत न्यायला. ज्याच्या चड्ड्या तो शाळेत असल्यापासून मी शिवल्या, आमच्याच आळीतला, तो दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "काठीनं सरकव इकडं." मी मापाच्या लाकडी गजानं कापड सरकवलं. त्यानं ते दोन बोटांत धरून नेलं. त्या आठवड्यात मशीन बंद राहिली.

मग डॉक्टरनं शेवटचं औषध काढलं. माझ्यासमोरच बापाला म्हणाला, "लग्न लावा याचं. सुईनं जे होत नाही ते बायको सहा महिन्यांत करते. मुलगी गरीब घरची बघा. अंगानं धडधाकट. फार प्रश्न न विचारणारी."

बाटलीवर लिहितात तसं सांगितलं त्यानं. दिवसातून किती वेळा, तेवढं राहिलं.

गरीब घरची मिळाली. रोझा. आईबाप नसलेली, मामाकडं वाढलेली. दिवसभर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची. मामाला तिचं ओझं होतं, फादरनी शब्द टाकला, ठरलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. बायकांत कुजबुज असेल, पण लग्न ठरलेल्या पोरीच्या कानावर असलं कोण घालतं? आणि ती गरीब, तिच्याशी बोलायला वेळ कुणाला.

लग्नाचा झगा मीच शिवायचा होता. ती मापाचा जुना झगा घेऊन आली. कापड काठीनं न सरकवता तिनं माझ्या हातात दिलं. कितीतरी दिवसांनी कुणी असं हातात दिलं होतं. मग विचारलं, "इतक्या पोरी हायत गावात. माझ्यात काय बगितलंस?"

बोलायची वेळ तीच होती. मी झग्याची शिवण बघत राहिलो. म्हणालो, "बाही किती ठेवू?"

ती हसली. तिला वाटलं मी लाजलो. ते हसू मला अजून बोचतं.

दोन दिवसांनी दुपारी माझाच कोट बेतायला बसलो. मापाची वही काढली, कारण आपलं माप कुणालाच पाठ नसतं. पान उघडलं. छाती चौतीस, सीट छत्तीस. वरच्या ओळीत आमचा तरीवाला. छाती तेहतीस, सीट पस्तीस. पाच पोरांचा बाप. खालच्या ओळीत शाळेचे मास्तर. चौतीस, सदतीस. मी पान उलटलं. आणखी एक उलटलं. वल्ही मारून छाती भरलेले पाच-सहा कोळी सोडले तर गावातल्या जवळपास प्रत्येक पुरुषाची सीट छातीहून जास्त. काठीनं कापड मागणाऱ्याची चार इंच जास्त. ज्यांचे पायघोळ झगे आम्हीच शिवतो ते फादर, त्यांचीही चार.

आणि डॉक्टर. त्याच वर्षी त्याची पांढरी पाटलोण मी शिवली होती. छाती छत्तीस, सीट एक्केचाळीस.

मी हसलो नाही. मला रडू कोसळलं, रागानं. अरे, हे मला ठाऊक होतं! कुठल्याही शिंप्याच्या पोराला ठाऊक असतं, सीटला कापड जास्त लागतं म्हणून. रोज हातानं मोजलेली गोष्ट, आणि चष्मेवाला बोलला तर मी माझे हात खोटे मानले. कपडे काढून भिंतीला उभं केलं की माणूस स्वतःचा धंदासुद्धा विसरतो. सुया खोट्या. गार पाणी खोटं. घाम खोटा. मग रोगच कुठं होता? आणि नसलेल्या रोगावर ही माणसं एक जिवंत पोरगी उगाळून मला पाजणार होती.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मिस्सेत नावं पुकारतात. मिस्सा लॅटिनमधली, पण पुकार मराठीत. अमक्याचं तमकीशी ठरलंय, कुणाला अडचण ठाऊक असेल तर त्यानं सांगावी. आजवर कुणी उठलेलं मी पाहिलं नाही. दोन पुकारांना मीही बसून राहिलो. भ्यालो. तिसरी पुकार डॉक्टरच्याच रविवारी आली. तो पुढच्या बाकावर, पांढऱ्या पाटलोणीत.

फादर म्हणाले, "कुणाला अडचण ठाऊक असेल तर सांगावी."

मी उठलो. "मला ठाऊक हाय."

"खाली बस."

"तुम्ही इचारलंत, फादर. मी सांगतो. मला पुरुषाची ओढ हाय. तुम्हाला ठाऊक हाय, डॉक्टरला ठाऊक हाय, माझ्या बापाला ठाऊक हाय. फक्त रोझाला न्हाय. ती माणूस हाय, औषध न्हाय. हे लग्न मी करणार न्हाय."

डॉक्टर वळला. "हा रोगी आहे. बरळतोय. मी स्वतः मोजलंय याला."

"मी बी तुम्हाला मोजलंय, डॉक्टर. छाती छत्तीस, सीट एक्केचाळीस."

एकाचं माप दुसऱ्याला सांगू नये, हे बानं मला शिकवलेलं. ते मी त्या दिवशी मोडलं. मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं.

देवळाच्या पायरीवर रोझाच्या मामानं मला मारलं. दोन दात गेले. कुणी मध्ये पडलं नाही.

संध्याकाळी रोझा मापाचा झगा न्यायला आली. मला वाटलं होतं, निदान ती काही बरं बोलेल. ती म्हणाली, "मी इचारलं तवा सांगायचं होतंस. मीच न्हाय म्हणले असते. चार लोकांत उभा राहून माझं 'न्हाय'बी तूच बोललास." झगा घेतला आणि गेली. ती खरं बोलली.

बा वही घेऊन बसला होता. डोळ्यांजवळ धरून, बराच वेळ. मग म्हणाला, "तुला मोजलं त्या दिशीच मला ठाऊक होतं रं. डॉक्टर म्होरं बोलवंना."

ठाऊक होतं. त्याला मी दोन वेळ जेवायला घालतो, त्याच्या डोळ्यांत औषध घालतो. माफ केलेलं नाही.

फादरनी कागद पाठवला. मी तापात बरळलो, असं डॉक्टरनं लिहिलेलं, खाली माझी सही हवी. सही केली तर देवळात जागा, गिऱ्हाईक परत. मी कागद परत पाठवला, सही न करता. त्याला आता चार पावसाळे झाले. रोझा मुंबईला कुणाच्या घरी कामाला गेली म्हणतात. माझ्याकडं आता पलीकडच्या गावांतली माणसं येतात, आमच्यातली दोन-चार पाठच्या दारानं. त्यांना मी सांगतो, पुढच्या दारानं या, नाहीतर रेवदंड्याला जा.

डॉक्टर अजून येतो. दुसऱ्या रविवारी मिस्सा सुटली की मी टेप गळ्यात घालून दवाखान्याच्या पायरीवर बसतो. दुखणेकऱ्यांनी औषध घ्यावं, त्याला माझी ना नाही. पण पुन्हा कुणाला तिथं याच कारणासाठी नेलं, तर पडदा सारून मी आत जाणार. आत उभं केलेल्याला कपडे घालायला लावणार. मोजायचं असेल तर मोजा म्हणणार, टेप ही घ्या. पण आधी डॉक्टरचं माप.