पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर अडलेली गाडी

गाडी बंद पडली की आधी कान द्यायचा, मग हात लावायचा, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. गावात कुणाची गाडी अडली की मला बोलावणं यायचं आणि माझी कॉलर ताठ व्हायची.

त्या दुपारी सोयाबीनच्या शेतात बायकोला साप चावला. घोणस होती, धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे सरपटत जाताना मी पाहिली. तिला कारच्या मागच्या सीटवर बसवलं, पाय अजिबात हलवू नको म्हणून बजावलं. टाकीत पेट्रोल नावालाच होतं. फवारणी पंपासाठी पेट्रोल भरून ठेवलेली कॅन त्यात ओतली आणि खामगावच्या दवाखान्याकडे सुटलो. दोघांचेही फोन शेतातच राहिले.

पिंपळगाव राजा मागे पडलं आणि गाडी आचके देऊ लागली. रस्त्याच्या कडेला जाऊन जी बसली, ती बसलीच.

"काऊन थांबली?" तिनं विचारलं. घोट्यापासून पाय टरारून सुजला होता.

"दोन मिनिटं. आता पाह्यतो."

चावी फिरवली. मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप घूं करून थांबला, म्हणजे पंप शाबूत. पुन्हा फिरवली, पुन्हा ऐकलं. बॉनेट उघडलं. इंजिन तापलेलं, आणि मी त्याच्याजवळची पेट्रोलची नळी सैल करत होतो. एक ठिणगी पडली तर तिच्यासकट सगळं पेटेल, हे कळत होतं तरी थांबवत नव्हतं. नळीखाली पाण्याची रिकामी बाटली धरली, थोडं पेट्रोल घेतलं आणि बाटली उन्हात धरली.

वर पेट्रोल, खाली दोन बोटं पाणी बसलं होतं.

फवारणीच्या औषधाचे डबे विसळतात तशी ती पेट्रोलची कॅन मीच आदल्या दिवशी तीनदा विसळली होती. उलटी करून वाळवायची सोडून तशीच भरली. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला आनंद झाला. दोष सापडला होता. तिला सांगायला मागे वळलो, तर सीट रिकामी.

बाटली हातात तशीच घेऊन मी गाडीला वळसा घातला.

ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, एका पायावर भार देऊन, दोन्ही हात पसरून. समोर कांद्यांची पिकअप थांबली होती.

"गाडी राहू द्या," ती म्हणाली. "मले डोळ्यासमोर अंधारून राह्यलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "चावून किती वेळ झाला?"

"अर्धा तास," मी म्हणालो.

तिनं डोळे उघडले. जीभ जड झाली होती तरी एकेक शब्द नीट बोलली. "पाऊण तास झाला, डॉक्टर. मधात हे गाडी पाहत होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लगेच सलाईन लावून विषावरचं औषध सुरू केलं.

ती वाचली. आता चालते, शेतात जाते. गाडीवरून मला चिडवतेसुद्धा. पण तिचा जीव टांगणीला असताना मी अर्धा तास का म्हणालो, हे तिनं अजून एकदाही विचारलेलं नाही. कधीतरी विचारेल, याची मला त्या सापापेक्षा जास्त भीती वाटते.