तुकडेबाईंची भिंत

डोळे तपासायला शिकणाऱ्या मुलींच्या वर्गावर त्या वैद्यकीय शब्द शिकवत. शब्द फोडून शिकवत म्हणून नाव पडलं तुकडेबाई. डस्टर टेबलावर आपटत आधी एकेक अक्षर म्हणवून घ्यायचं, मग शब्दाचे भाग, मग अर्थ. उच्चार चुकला की बाईंच्या डाव्या हाताच्या भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं.

बाई नुसत्या फटकळ नव्हत्या, त्यांच्या जिभेला विष होतं. एक मुलगी बोलताना अडखळायची. तिला त्या म्हणाल्या होत्या, "तुला फोडायला शिकवायची गरजच नाही. तुझ्या तोंडात शब्द आपोआप फुटतो." असं कुणी लेकराला बोलतं का? बाई बोलायच्या, आणि वर्ग हसायचा. ती पोरगी वर्षभर भिंतीलाच होती.

सुट्टीत बाईंच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं झालं. मान वळवून बघत चला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मान वळवली तर लोकांना कळणार आणि वर्ग हातचा जाणार. मागे-पुढे कुणी नसलेल्या बाईंना त्या वर्गाशिवाय होतं काय? त्यांनी मान ताठच ठेवली. ती तशी आधीपासूनच ताठ होती, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

कळलं ते भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीला. तिचा वर केलेला हात बाईंना दिसत नव्हता. हा आजार ओळखायला बाईंनीच तर शिकवलं होतं. तिने मैत्रिणींच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्याजणी डावीकडच्या बाकांवर, चिडीचूप.

उजवीकडची रिकामी बाकं बघून बाई भडकल्या. वर्ग बुडवतात म्हणून स्वतःच प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेल्या आणि त्यांना हाताला धरल्यासारखं वर्गावर घेऊन आल्या. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा तो असा.

"बघा सर, एक तरी हजर आहे का?"

सर भरलेल्या वर्गाकडे बघत राहिले. मग हळूच त्यांनी मुलींना विचारलं, बाईंना काय झालंय?

"हे, मि, अ, नॉप्, सि, या," डावीकडून आवाज आला. प्रत्येक अक्षराला भिंतीवर एक टिचकी. "हेमि म्हणजे अर्धं. अन् म्हणजे नाही. ऑप्सिया म्हणजे दृष्टी."

एकदाही अडखळली नाही.

सवयीने बाई म्हणाल्या, "कोण बोललं? उभं राहून सांग."

"उभीच आहे मॅडम. भिंतीपाशी."

तेव्हा बाईंनी मान वळवली. अख्खा वर्ग तिथे बसला होता आणि आवाज न करता हसत होता.

प्राचार्यांनी त्यांच्या हातातलं डस्टर काढून घेतलं.